फिटिंगवाल्या मावशींची प्रहरींची यादी

मावशींच्या जावयाचा पाय मोडला तो जिना उतरताना. यात हसण्यासारखं काही नाही, पण जावई लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. त्यामुळे ज्याला सांगावं तो आधी हसायचा आणि मग घाईघाईने "अरेरे" म्हणायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करून देणारा हा माणूस स्वतः राहायचा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मग मावशींच्या लेकीने फोन करून विचारलं, "आई, तुझं घर तळमजल्यावर आहे. याला ठेवून घेशील?"

"विचारतेस काय? जावई आहेत माझे," मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर आता बोलायचं काय, या काळजीत पडल्या. कारण लग्नाला अकरा वर्षं होऊनही या जावयाशी त्या कधी सलग पाच मिनिटं बोलल्या नव्हत्या.

मावशींच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मागे दोन खोल्या. दुकानावर पाटी नाही, पण सगळे त्यांना फिटिंगवाल्या मावशी म्हणून ओळखतात. नवा कपडा त्या शिवत नाहीत. लोकांनी हौसेने घेतलेला आणि अंगाला न बसलेला कपडा बसता करून देणं, हे त्यांचं काम. पँट आखूड करायची, कोटाची बाही वर घ्यायची, अडकलेली चेन काढून नवी लावायची. यजमान गेल्यापासून बारा वर्षं त्या एकट्याच. मी त्यांच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहते. त्यामुळे ही गोष्ट मला निम्मी माझ्या फरशीतून ऐकू आली, आणि निम्मी मावशींनीच तोंडात टाचण्या धरून सांगितली.

जावई आला तो एक बॅग, दोन कुबड्या आणि लॅपटॉप घेऊन. पहिले दोन दिवस दोघांनी हवापाण्यावर काढले. "उकडतंय का?" "नाही, ठीक आहे." "पंखा लावू?" "चालेल." तिसऱ्या दिवशी दुपारी एकला दुकान बंद करून मावशी आत आल्या, तर जावई टीव्हीला लॅपटॉप जोडून बसलेला आणि पडद्यावर एक इमारत कोसळत होती.

"तुमचं चालू द्या," मावशी म्हणाल्या आणि एका साडीला फॉल लावायला घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. दहा मिनिटांनी त्यांना राहवेना. "जावईबापू, हा कसला सिनेमा?"

"प्रहरी, आई. पहिला भाग."

"म्हणजे दुसराही आहे?"

"एकोणीस आहेत."

मावशींची सुई थांबली. "आणि तुम्ही पहिलाच बघताय अजून?"

"नाही नाही, सगळे बघितलेत. आता परत बघतोय. आणि नंबर लावतोय. सगळ्यात चांगला कुठला, मग त्याच्या खालचा कुठला, असं एकोणीसपर्यंत."

"कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही."

"मग नंबर लावून काय करायचं?"

जावयाने आपल्या प्लास्टरकडे बोट दाखवलं. म्हणाला, "सहा आठवडे आहेत ना, आई."

एवढंच कारण मावशींना पुरलं. पण सिनेमा मात्र त्यांच्या डोक्यावरून गेला. प्रहरी म्हणजे जगाची राखण करणारे सात जण, आणि प्रत्येकाच्या अंगात एकेक अचाट गोष्ट. मृत्तिका नावाची बाई मातीची होऊ शकते. दर्पण नावाचा तरुण एका आरशात शिरून दुसऱ्या आरशातून बाहेर येतो. या सगळ्यांच्या विरुद्ध क्षणभक्षक, जो लोकांच्या आयुष्यातले क्षण खातो आणि जाडजूड होत जातो. ही माणसं मावशींना कपड्यांवरून ओळखू यायची, नावांवरून नाही. "तो जांभळ्या पट्ट्यावाला कुठे गेला?" असं त्या विचारायच्या. मृत्तिकेच्या पोशाखाला पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन होती, त्यावर तर त्यांनी सिनेमा थांबवायला लावला.

"ही एकटी राहते ना?"

"हो."

"मग ही चेन लावतं कोण?"

जावयाने पडद्याकडे बघितलं, मावशींकडे बघितलं. "अकरा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता," तो म्हणाला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

त्यानंतर रोज दुपारी एक ते चार हा कार्यक्रम ठरून गेला. सिनेमा अडीच तासांचा, पण मावशींच्या शंका धरून त्याला दोन दुपारी लागायच्या. आठवड्याला तीन सिनेमे. वर माझ्या फरशीला हादरे बसायचे, मग एकदम शांतता, मग मावशींचा आवाज, "थांबवा, थांबवा, हा कोण?"

नंबर लावायला जावयाने आधी कागद घेतला होता. पण चौथा सिनेमा दुसऱ्या नंबरावर गेला की खालचे सगळे खोडून पुन्हा लिहावे लागायचे. मावशींना ती खाडाखोड बघवेना. त्यांनी कॅनव्हासची एक लांब पट्टी कापून भिंतीवर लावली, सिनेमाची नावं चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितली आणि म्हणाल्या, "टाचणीने लावा. वरखाली करायला बरं." मग थोड्या वेळाने, जरा लाजतच, शेजारी दुसरी पट्टी लावली. "ही माझी."

इथून भांडणं सुरू झाली. भांडणं म्हणजे अहोजाहोतली, पण कडाक्याची. पाचव्या भागात मृत्तिका सगळं सोडून आपल्या म्हाताऱ्या आत्याकडे जाते आणि अर्धा सिनेमा आत्याच्या घराचं गळकं छप्पर दुरुस्त करते. जावयाच्या मते हा सगळा फुकट गेलेला भाग. त्याच्या पट्टीवर तो तळाला. मावशींनी तो पहिल्या नंबरावर लावला.

"आई, यात काही घडतच नाही."

"छप्पर झालं की नीट."

"अहो पण क्षणभक्षक तिकडे अख्खं शहर खातोय!"

"तो काय, प्रत्येक भागात खातो. छप्पर एकदाच झालं."

आठव्या भागात दर्पण मेला. आरसा फुटला आणि तो आतच राहिला. मावशींनी हातातलं काम बाजूला ठेवलं, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताना त्या एकदा कंबर आणि एकदा छाती विसरल्या. दुपारी नववा भाग लागला, तर दर्पण टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होता.

"काल गेला ना हा?"

"हो, पण ही गोष्ट आधीची आहे, आई. दुसऱ्या भागाच्याही आधीची."

"मग ही आधी का नाही दाखवली?"

"सिनेमा नंतर निघाला."

"आणि याला माहीत आहे का, आपण जाणार आहोत ते?"

"नाही. त्याला कसं माहीत असेल?"

"मला माहीत आहे ना पण," मावशी म्हणाल्या. "मी कशी बघू?" तरी त्यांनी बघितला. टोस्ट खाणाऱ्या दर्पणला त्या सबंध सिनेमाभर "नीट खा रे बाबा" असं म्हणत होत्या.

लेक रविवारी यायची. तासभर बसायची. औषधं, कपडे, जावयाच्या कामावरचे कागद आणायची. बँकेतल्या काउंटरवर बोलावं तसं ती नवऱ्याशी बोलायची: हे आणलंय, इथे सही कर, गोळ्या संपल्या का. मावशींना ते खटकत होतं, पण दमली असेल, एकटी सगळं बघते, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत काढली. चौथ्या रविवारी लेक निघता निघता भिंतीपाशी थांबली. दोन्ही पट्ट्या तिने वरपासून खालपर्यंत वाचल्या.

"सातवा भाग तिसरा?" ती नवऱ्याला म्हणाली. "अजून तेच धरून बसलायस?"

"सातवा चांगलाच आहे."

"सातव्यात फक्त पळापळ आहे. आणि पाचवा तळाला? तुला ना काही कळत नाही. आईला बघ कळलंय."

मावशींनी कान टवकारले. "तू पण बघितलेत हे?"

"सगळे. पहिल्या दिवशी, याच्याबरोबरच," लेक म्हणाली.

मावशींनी संधी साधली. "मग आज दहावा आहे. बस की. चहा टाकते."

लेकीने घड्याळ बघितलं, पर्स खाली ठेवली आणि बसली. दहाव्या भागात सातही प्रहरी पहिल्यांदा एका खोलीत येतात. तो सिनेमा तिघांनी एका दमात बघितला. मला वर ऐकू येत होतं ते फक्त हसणं आणि वाद. लेक पुढचं वाक्य आधीच म्हणायची, जावई तिला दटावायचा, "आईंना बघू दे," आणि मग स्वतःच पुढचं सांगून टाकायचा. मावशींची चेनची शंका जावयाने लेकीला सांगून झाली होती. मृत्तिका लढाईच्या मधोमध थांबून चेन ओढायला लागली तेव्हा दोघं एकदम मावशींकडे वळली आणि खो खो हसली. लेक गेली तेव्हा सहा वाजले होते. मावशींना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. दहावा भाग त्यांनी आपल्या पट्टीवर दुसरा लावला, तो सिनेमासाठी की त्या दुपारसाठी, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतानाच लेकीचा फोन आला.

"आई, तुला एक सांगायचंय. आम्ही वेगळे होतोय. चार महिने झाले ठरून. वकिलाकडे कागद दिलेत."

मावशी कुलूप हातात धरून उभ्या राहिल्या. "कोण वेगळं होतंय?"

"मी आणि तो."

"पण काल तुम्ही हसत होतात."

"हो."

"मग?"

"मग काय, आई? हसलो म्हणून काय झालं?"

मावशींनी त्यांना सुचतील तेवढी कारणं विचारली. दुसरं कुणी आहे का? नाही. हात उगारतो? आई, काहीतरीच काय! पितो? तूच बघतेयस ना महिनाभर. भांडण झालं? नाही, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. "मग झालं काय?" मावशींनी विचारलं. "काही झालं नाही गं. तेच तर," ती म्हणाली. मावशींनी फोन ठेवला. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्याला त्यांनी उद्या यायला सांगितलं, आणि आत गेल्या.

जावई कुबड्यांवर उभा राहून चहा गाळत होता. मावशींचा चेहरा बघून त्याने गाळणं खाली ठेवलं.

"तिने सांगितलं," तो म्हणाला.

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"तिने सांगायचं, असं ठरलं होतं."

"आणि असं सगळं ठरलेलं असताना तुम्ही माझ्याकडे येऊन राहिलात? का?"

जावई खरं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "जिना, आई. दुसरीकडे कुठेच तळमजला नव्हता."

मावशींना रागवावं की रडावं कळेना. त्या म्हणतात, त्याने काही तरी खोटं, गोड सांगितलं असतं तर त्याला घालवून द्यायला सोपं गेलं असतं. जावई मान खाली घालून म्हणाला, "मी आज बघतो कुठे सोय होते का." मावशी म्हणाल्या, "प्लास्टर आहे पायाला. गप्प बसा." त्यानंतर चार दिवस त्या गप्प बसल्या. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, बोलणं बंद. दुपारी तो टीव्ही लावायचा नाही. त्या दुकान बंद करून मशीनवर बसायच्या आणि मुद्दाम जाड कापडाचं काम काढायच्या, म्हणजे आवाज मोठा होईल. माझी फरशी चार दिवस फक्त मशीनने थरथरली.

पाचव्या दिवशी मशीन थांबलं. मावशी मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तो दर्पण," त्या म्हणाल्या. "त्याचं पुढे काय होतं?"

अकराव्या भागात दर्पण पुन्हा आला. तोच चेहरा, तोच जांभळा पट्टा. पण त्याला कुणाचीच ओळख पटेना.

"याला झालं काय?"

"हा दुसऱ्या जगातला दर्पण आहे. तिकडे तो मेलाच नव्हता."

"म्हणजे हा तो नव्हे."

"तोच आहे. पण यांचा नाही."

मावशींनी थोडा वेळ बघितलं. "मग मी याच्याशी कसं वागायचं?" असं त्या विचारून बसल्या, आणि वाक्य तोंडातून गेल्यावर दोघंही पडद्याकडेच बघत राहिली.

प्लास्टर निघालं तेव्हा पंधरा भाग झाले होते. जावयाने बॅग भरली, आपली पट्टी गुंडाळून घेतली. एका मित्राकडे त्याची राहायची सोय झाली होती. दारात तो वळला. "आई," तो म्हणाला, आणि अडखळला. "आई म्हटलं तर चालेल ना?"

"अकरा वर्षं म्हणत होतात. आता काय बाई म्हणणार?" मावशी म्हणाल्या. पण त्याला काय म्हणायचं, हा घोळ त्यांच्याकडेही होताच. जावईबापू म्हणणं बरोबर नाही. नुसतं नाव घ्यायची सवय नाही. त्या दिवसापासून त्या त्याला काहीच म्हणत नाहीत. "ऐका" असं म्हणून सुरुवात करतात.

महिन्याभरात सह्या झाल्या. उरलेले चार भाग तो पेनड्राइव्हवर देऊन गेला होता, ते मावशींनी एकटीने बघायचं ठरवलं, कारण पट्टी अर्धवट राहिलेली त्यांना बघवत नव्हती. पण एकटीला ते झेपेना. सोळाव्यात क्षणभक्षक चांगला होतो की चांगलं होण्याचं सोंग करतो, यावर गाडी अडली. दुकानातूनच त्यांनी फोन लावला. "ऐका. तो जाड्या खरंच सुधारला का?"

"सोंग आहे, आई," तो म्हणाला. "सतराव्यात कळेल."

हा फोन चालू असतानाच लेक दुकानात आली. तिने बाकीचं ऐकलं आणि फोन संपल्यावर विचारलं, "तू त्याच्याशी अजून बोलतेस?"

"सिनेमाबद्दल बोलते."

"मी पण बघितलेत ना सगळे. मला विचारायचं."

"तुला राग येईल वाटलं."

"मला न विचारल्याचा आला," लेक म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. "काय अडलंय?"

"तो जाड्या सुधारला का?"

"सुधारला. मनापासून. पण पुढे त्याच्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही, म्हणून तो परत बिघडतो."

मावशींनी कपाळाला हात लावला. सतरावा भाग त्यांनी दोनदा बघितला. एकदा तो खोटा वाटला, एकदा खरा. तेव्हापासून त्या दोघांनाही विचारतात आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत. मी एकदा म्हटलं, "मावशी, एकालाच विचारा, डोक्याला ताप कमी होईल." त्या म्हणाल्या, "कोणत्या एकाला?"

गेल्या महिन्यात विसावा भाग निघाला. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा थिएटरात जाऊन प्रहरी बघितला, आणि तोही दोनदा. शनिवारी दुपारी तो घेऊन गेला. तिकिटं त्याने आधीच काढून ठेवली होती. रविवारी लेक घेऊन गेली. तिनेही आधीच काढली होती. मावशींनी लेकीपासून लपवलं नाही. "मी काल बघितला," त्या म्हणाल्या. "त्याच्याबरोबर?" "हो." लेकीने खांदे उडवले. "मग काय, दुसऱ्यांदा बघ. दुसऱ्यांदाच कळतो." अंधारात मावशींनी मोठ्याने विचारलं, "हा पहिल्या जगातला की दुसऱ्या?" मागून कुणी तरी "श्श" केलं. लेक त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "पहिल्या." आदल्या दिवशी याच जागी त्यांना "दुसऱ्या" असं उत्तर मिळालं होतं.

घरी आल्यावर लेक पट्टीपाशी गेली. विसाव्या भागासाठी मावशींनी दोन चिठ्ठ्या केल्या होत्या. शनिवारची चौथ्या नंबरावर. दुसरी कोरी, टाचणीसकट मशीनच्या फळीवर ठेवलेली. मावशींनी तिच्यावर नाव लिहिलं आणि तेराव्या नंबरावर लावली.

"असं चालत नाही, आई," लेक म्हणाली. "एका सिनेमाला एकच नंबर."

"शनिवारी मला तो हसण्याचा वाटला. आज वाटला नाही. त्यात मी काय करू?"

"मग एक काढ."

मावशींनी चौथी चिठ्ठी काढली, हातात धरली, परत लावली. मग तेरावी काढली, तीही परत लावली. लेक पर्स खांद्याला लावून थोडा वेळ बघत उभी राहिली, मग पर्स काढून खाली ठेवली आणि म्हणाली, "चहा तरी टाक." आत जाता जाता मावशी तिला विचारत होत्या की दर्पण जर पहिल्या जगातलाच असेल, तर फुटलेल्या आरशात राहिला तो कोण. लेक समजावून सांगायला लागली. आवाज माझ्या फरशीखाली अर्धा तास चालू होता, आणि मधूनमधून मावशींचं "थांब, थांब, परत सांग."